शनिवार तेल्यांची मुंबई



मंडळाने मला बोलण्यासाठी विषय दिला तो असा : लहान समाज मोठ्या शहरात जातो, तेव्हा त्याचे काय होते? मी इतिहासाची पदवीधर नाही. परिचारिकेची पदविका घेतली, रुग्णांची सेवा केली आणि निवृत्त झाल्यावर वाचन करू लागले, एवढाच माझा अधिकार. परंतु आपल्या मुलाबाळांना आपल्या समाजाच्या दोनच गोष्टी सांगितल्या जातात, हे माझ्या लक्षात आले आहे. पहिली नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि त्यातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांची. दुसरी विमानात बसून या देशात उतरल्याची. या दोहोंच्या मध्ये दोनशे वर्षे मुंबई आहे. ती गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून आज तीच सांगते.

मुंबईपूर्वीचे चित्र आधी डोळ्यांसमोर आणावे लागेल. अलिबाग, पेण, रोहे, मुरुड, पनवेल या टापूतील खेड्यांत आपली घरे विखुरलेली होती. एखाद्या गावात दोन, एखाद्यात पाच. म्हणून तर आपली आडनावे पेणकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर, अष्टमकर अशी गावांवरून पडली. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि जोडीला थोडी शेती. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणत शनिवार तेली. सोमवारी बैल सोडणारे ते सोमवार तेली. हा भेद गावाला इतका साधा वाटे, की त्याचे स्पष्टीकरण कोणी मागत नसे. गावगाड्यात तेल्याची पायरी खालची होती, हे खरे. पण ती पायरी ठरलेली होती. आपण कोण, हे सिद्ध करण्याची वेळ त्या खेड्यांत येत नसे. सेफेर तोरा नव्हता, सिनागॉग नव्हते, हिब्रू अक्षरांची ओळख जवळजवळ पुसली होती. उरले होते ते शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता, खवले व पर असलेलीच मासळी खाण्याचा नियम आणि ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मरण असो, शमा म्हणायची. सणांना नावेही आपली आपण दिलेली : नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. दरफाळणी म्हणजे घराचे दार लावून दिवसभर उपवास करायचा. त्या दिवसाला जग योम किप्पूर म्हणते, हे आपल्या खापरपणज्यांना पुष्कळ नंतर कळले.

इतके स्थिर आयुष्य सोडून माणसे मुंबईला का गेली? आपल्या समाजाच्या परंपरेप्रमाणे पहिले कुटुंब गेले ते १७४६ साली, दिवेकरांचे. त्या काळचे कोकण म्हणजे सिद्दी, आंग्रे, पेशवे यांच्या ओढाताणीचा मुलूख. समोर खाडीपलीकडे इंग्रजांची मुंबई वाढत होती. गोदी होती, किल्ला होता, पलटणी होत्या आणि रोख पगार होता. शिवाय कोणीही यावे, आपापला धर्म पाळावा, हे धोरण कंपनीने त्या बेटावर आरंभापासून ठेवले होते. व्यापार वाढावा, हाच त्यामागचा हेतू. औदार्याचा भाग त्यात थोडाच असावा, असे माझे मत आहे. पण ज्याला आसरा हवा असतो, तो आसरा देणाऱ्याचा हेतू विचारीत बसत नाही.

सुताराने, गवंड्याने, तेल्याने तलवार हाती घेतली, ती कंपनीच्या पलटणीत. आपले लोक तेथे लवकर वर चढले. हवालदार, जमादार, सुभेदार अशी पदे पुष्कळांनी मिळविली. पलटणीच्या यादीत नावे असत ती सामाजी, हसाजी, बनाजी, आबाजी अशी. शमुवेल, यहेज्केल, बिन्यामिन, अब्राहाम ही नावे कोकणात मुरून अशी झाली होती. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर हे नाव आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. परंपरा अशी सांगते, की कैद्यांना जात विचारली गेली, तेव्हा त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले. टिपूच्या मातेने म्हटले, की बनी इस्राएल हे नाव कुराणात येते, पण असा मनुष्य आजवर पाहिला नाही, याला जीवदान द्यावे. कथा किती खरी, याचा निवाडा मी करणार नाही. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. ‘शनिवार तेली’ असे उत्तर त्या ठिकाणी कोणालाच कळले नसते. गावाबाहेर पडलेल्या माणसाला गावाने दिलेले नाव पुरत नाही. जुने, मोठे नाव शोधून काढावे लागते.

सामाजी सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत पहिले सिनागॉग बांधले, ते शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. सेफेर तोरा मिळवावा म्हणून ते कोचीनला गेले आणि तेथेच, १७९७ साली, वारले. त्यांच्या नावाचा सॅम्युएल स्ट्रीट आजही मांडवीजवळ आहे. आपले लोक सिनागॉगला मशीदच म्हणत. हे ‘जुनी मशीद’ आणि १८४० च्या सुमाराची शाआरे रासोन ती ‘नवी मशीद’. मस्जिद बंदर स्टेशनाला नाव मिळाले ते याच मशिदीवरून, असे जाणकार सांगतात. रोज लाखो माणसे त्या स्टेशनाचे नाव घेतात आणि एकाच्याही मनात यहुदी येत नाही. लहान समाजाच्या खुणा मोठ्या शहरात बहुधा अशाच राहतात.

मांडवी, डोंगरी, उमरखाडी या भागात इस्राएल मोहल्ला वसला. शेजारी मुसलमान, खोजे, बोहरी, कोकणी हिंदू. एका खोलीत तीन भाऊ, वर गावाहून परीक्षेला आलेला भाचा आणि कोपऱ्यात आजारी मावशी, अशी ती वस्ती. कित्येक पुरुष एकटेच राहत, बायको-मुले गावी. पगार झाला की पैसे गावी जात आणि सणाला माणूस मचव्यातून, पुढे आगबोटीतून, धरमतर वा रेवसच्या वाटेने घरी जाई. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथील सिनागॉगे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उभी राहिली, हे ध्यानात घ्या. खेड्यातून शहरात धर्म गेला, असे आपण समजतो. घडले ते बव्हंशी उलट. मुंबईत आधी सिनागॉग झाले, हज्जान आला, पुस्तके आली आणि मग आगबोटीतून ते सारे कोकणात परत गेले.

आपल्याला शिकविले कोणी? १८२६ च्या सुमारास कोचीनचे यहुदी शिक्षक आले. त्यांनी प्रार्थनेचा क्रम, सणांची नावे, चाली शिकविल्या. आणि शिकविले ख्रिस्ती मिशनऱ्यांनी! अमेरिकन मिशनच्या शाळांत आपली मुले-मुली बसू लागली. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि तीनच वर्षांत त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. उद्देश उघड होता : यांना यांचेच शास्त्र वाचायला शिकवू, म्हणजे हे आपल्याकडे येतील. आपल्या पूर्वजांनी व्याकरण घेतले, मराठी बायबल घेतले, शाळेतली मास्तरकी घेतली आणि बाप्तिस्मा मात्र फार थोड्यांनी घेतला. पुढे १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ ची पुण्याची सचित्र हग्गादा काहींनी पाहिली असेल. तिच्यातील स्त्रिया मराठी पद्धतीने वस्त्रे नेसून मात्सा करतात. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी तर प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे करण्यात आयुष्य घालविले. १८८० च्या सुमारास कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, मोशे, एस्तेर यांची आख्याने साकी-दिंडीत ऐकून ज्यांना अक्षर ओळखत नव्हते, त्या बायकाही तोरातल्या कथा शिकल्या.

या शिक्षणात हरवले काय, तेही सांगितले पाहिजे. दरफाळणी गेली, खिरीचा सण बहुतेक घरांतून गेला. मालिदा टिकला, कारण एलियाहू हनबीवरची आपली श्रद्धा कोणा शिक्षकाने दिलेली नव्हती. बिरड्याच्या रोज्याला बिरडे अजून शिजते. बाकीची नावे आता मराठीच्या जुन्या पुस्तकांत शोधावी लागतात. शास्त्र कळले, म्हणून आजीची भाषा अडाणी ठरविली गेली. एवढे करण्याची गरज नव्हती, असे मला वाटते.

आणि शनिवार? या साऱ्या कथेतील मला टोचणारा भाग हाच आहे. ज्या खेड्यात शब्बाथचे शास्त्र ठाऊक नव्हते, तेथे घाणा स्वतःचा होता. बैल सोडला की शब्बाथ पाळला जाई. मुंबईत शास्त्र कळले, पण घाणा दुसऱ्याचा झाला. कचेरी, गोदी, रेल्वे, गिरणी, कोणीही शनिवारी सुटी देईना. गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली आणि १८९० साली ती मिळाली, ती रविवारची. बहुसंख्यांच्या सोयीचा दिवस ठरला, यात कोणाचा दुष्टावा नाही. परंतु ज्या दिवसावरून सारे कोकण आपल्याला ओळखत होते, तो दिवस मुंबईत आपल्या हातून सुटत गेला. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायचा, किद्दूश म्हणायचा आणि सकाळी डबा घेऊन कामाला जायचे, असे कित्येक घरांत झाले. मी परिचर्येचे शिक्षण घेत होते त्या रुग्णालयात माझी एक ख्रिस्ती मैत्रीण होती. ती मला शनिवार देई, मी तिला रविवार देई. वॉर्डच्या मुख्य परिचारिकेला आमचा हा व्यवहार ठाऊक होता आणि ती काणाडोळा करी. प्रत्येकाला अशी मैत्रीण मिळतेच असे नाही.

आता एका अवघड विषयाकडे वळते. १८३२ साली डेव्हिड ससून बगदादच्या बाजूने मुंबईस आले. त्यांच्यामागून बगदादी यहुदी आले. त्यांची भाषा अरबी, वेश वेगळा, पैसा मोठा. आरंभी ते आपल्याच सिनागॉगांत प्रार्थना करीत, आपल्याच दफनभूमीत त्यांची माणसे पुरली जात. मग १८३६ साली त्यांच्यापैकी काहींनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत त्यांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घालावी. आयुष्यभर मी मृत्यू जवळून पाहिला आहे. मृतदेहाला स्नान घालताना तो कोठला, हे हाताला कळत नाही. १८६१ साली भायखळ्याला त्यांचे मागेन डेव्हिड झाले. तेथे आपल्या पुरुषांना मिन्यानमध्ये मोजावे की नाही, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. हिंदू, मुसलमान, पारशी यांच्या शहरात आपण यहुदी म्हणून मान्य होतो. अमान्य होतो ते यहुद्यांत.

हे सांगताना आपली बाजूही लपवू नये. आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद होता. त्यांच्यात लग्न होत नसे, काही घरांत भांडीही वेगळी ठेवीत. हाइम शमुवेल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात हे स्पष्ट लिहून ठेवले आहे. भिंत घालू पाहणाऱ्यांवर आपण रागावलो, तो राग योग्यच. पण तशीच एक भिंत आपल्याही स्वयंपाकघरात होती.

केहिमकरांचे नाव निघाले म्हणून थोडे थांबते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू या तिन्ही भाषा एका छपराखाली शिकविणारी ही शाळा नसती, तर समाज एक तर मिशनमध्ये विरला असता, नाही तर पलटणीतल्या शिपाईगिरीवर अडून राहिला असता. केहिमकरांचा इतिहासग्रंथ १८९७ साली लिहून झाला, पण छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. लेखक तोवर हयात नव्हते.

पलटणीचा उल्लेख केला, तर तिचा शेवटही सांगते, कारण अल्पसंख्य असणे म्हणजे काय, ते त्यात नेमके दिसते. जुन्या व्यवस्थेत एकाच पलटणीत सर्व जातींचे लोक आणि बढती सेवेप्रमाणे. तेव्हा आपले सुभेदार होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जातवार तुकड्या करण्याची पद्धत आली. ज्यांची तुकडी, त्यांचा अधिकारी. आपली संख्या इतकी, की स्वतंत्र तुकडी भरणे अशक्य. कोणी आपल्याला सैन्यातून काढले नाही. वर जाण्याचा जिना तेवढा नाहीसा झाला. मुलगे कारकुनीकडे, रेल्वेकडे, तारखात्याकडे वळले. १८७९ साली ठाण्याला सिनागॉग झाले, पुढे जेकब सर्कल, आग्रीपाडा, कुर्ला येथे प्रार्थनागृहे झाली. नकाशावर त्यांवर बोटे ठेवा, म्हणजे आगगाडीच्या रुळांबरोबर समाज कसा सरकत गेला, ते दिसेल.

हाच संख्येचा प्रश्न राजकारणात आला. १९१७ साली माँटेग्यू यांची घोषणा झाली. हे भारतमंत्री स्वतः यहुदी होते, ही गंमत खरी. कोणत्या जमातीला किती जागा, याची चर्चा देशभर पेटली. त्याच वर्षी आपल्या समाजात बेने इस्राएल परिषद आणि अखिल भारतीय इस्राएल लीग अशा दोन संस्था निघाल्या. एवढासा समाज आणि दोन संस्था! हसू येते खरे, पण वाद पोरकट नव्हता. ज्यांच्या मतांनी कोणी निवडून येत नाही आणि कोणी पडतही नाही, त्यांनी काय करावे? सरकारच्या छायेत राहावे? वेगळी जागा मागावी? की देशाच्या चळवळीत मिसळावे? काहींनी उत्तर स्वतःपुरते दिले. बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर हे १९१६ च्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या बचावासाठी जिनांबरोबर उभे होते. त्यांचे बंधू डॉ. अब्राहाम एरुलकर गांधीजींच्या उपवासात त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांपैकी होते. १९३७ साली डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर मुंबईचे महापौर झाले. महापालिकेत यहुदी मते मूठभरही नव्हती, म्हणजे त्यांना निवडले ते इतरांनी. वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रस्ता त्यांच्याच नावाचा. राखीव जागेवाचून हे घडले, म्हणून राखीव जागा निरर्थक, असे काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. थोर माणसाला मार्ग सापडतो. सामान्य माणसासाठी नियम हवा असतो, आणि पलटणीत तो नसल्याने काय झाले, ते आताच सांगितले.

माझ्या व्यवसायाच्या अभिमानाने एक नाव राखून ठेवले आहे. डॉ. जेरुशा झिराड. लहानपणी त्यांची बहीण कामा रुग्णालयात बरी झाली आणि तेव्हाच या मुलीने ठरविले, की आपण डॉक्टर होऊन हेच रुग्णालय चालवायचे. ग्रँट मेडिकल कॉलेज, मग सरकारी शिष्यवृत्तीवर लंडन, १९१९ साली तेथील एम. डी., आणि १९२८ ते १९४७ कामा रुग्णालयाच्या प्रमुख. बाळंतपणात स्त्रिया का मरतात, याचा त्यांनी मुंबईत पद्धतशीर अभ्यास केला. रक्तक्षय, जंतुदोष, उशिरा आणलेली रुग्ण ही कारणे आज आम्हांला पाठ असतात. तेव्हा ती घरोघर विचारून, नोंदवून सिद्ध करावी लागत होती. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या स्त्रिया इतक्या संख्येने शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर कशा झाल्या, याचे उत्तर मी असे देईन : मुली शाळेत लवकर गेल्या, घराबाहेर काम करण्यास फार विरोध नव्हता आणि १९१३ पासूनचे आपले स्त्री मंडळ पाठीशी होते. शिवाय आजाऱ्याच्या अंगाला हात लावल्याने विटाळ होतो, ही समजूत आपल्यात रुजली नव्हती.

मी शिकत असताना रुग्णाच्या कागदावर जातीचा रकाना असे. माझा स्वतःचा अर्ज भरताना लेखनिकाने विचारले, “ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?” मी नाही म्हटले. “मग पारशी?” शेवटी त्याने ‘इतर’ असे लिहिले. त्यात तिरस्कार नव्हता, चहासुद्धा पाजला त्याने. मुंबईत आपला छळ कधी झाला नाही, हे या देशातल्या लोकांना सांगताना मला नेहमी बरे वाटते. युरोपातून, अरब देशांतून आलेल्या माझ्या सहकारी परिचारिका ते ऐकून आधी विश्वास ठेवीत नसत.

भारताच्या स्वातंत्र्याच्या सुमारास आपण वीस हजारांच्या आसपास होतो. मग पुन्हा बिछाने बांधले गेले. येथे पहिल्या पिढीने काय सोसले, ते आपल्यातले वडीलधारे माझ्याहून चांगले सांगतील : १९५१ चे बेएर शेवाचे धरणे, काहींचे परत जाणे, आणि १९६१ नंतर लग्नाच्या वेळी आपल्याच समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करण्याचा मुख्य रब्बींचा आदेश. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेमला धरणे धरून बसली. १७ ऑगस्टला क्नेसेतने आपल्या बाजूने ठराव केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्या आदेशातून आपल्या समाजाचे नाव निघाले. १८३६ च्या अर्जाची हकिगत वाचलेल्यांना यात नवे काही दिसले नसेल. फरक एवढाच, की या वेळी आपण ‘इतर’ नव्हतो. मत असलेले नागरिक होतो आणि ते आपल्याला ठाऊक होते.

शनिवार मात्र येथे आपोआप सुटीचा आहे. घाणा बंद ठेवायला आता कोणाची परवानगी लागत नाही. मुंबईच्या जुन्या मशिदीत दहा पुरुष जमविणे आता अवघड जाते, असे तिकडून येणारे सांगतात. आपल्या मंडळातून कोणी मुंबईस जाणार असेल, तर शनिवारी सकाळी वेळ काढून सॅम्युएल स्ट्रीटला जावे. मस्जिद स्टेशनाला उतरून चालत पोहोचता येते. मिन्यानला एक माणूस वाढेल.